विडी सोडा म्हणता, मग हाताला काम कोणते?

मार्च महिना उजाडला की सोलापुरात शिवणयंत्रांना बहर येतो. आठ मार्चचा महिला दिन आणि चौदा एप्रिलची जयंती या दोन तारखांच्या दरम्यान शहरातल्या कुठल्या ना कुठल्या वस्तीत महिलांसाठी मोफत व्यवसाय प्रशिक्षण वर्गाचे उद्घाटन होतेच होते. फीत कापली जाते, पाहुणे स्वावलंबनावर बोलतात, पहिल्या रांगेतल्या बाईला मशीनवर बसवून फोटो काढला जातो आणि तो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तीन महिन्यांनी पुन्हा एक कार्यक्रम होतो. त्यात प्रमाणपत्रे वाटली जातात. त्यानंतर त्या बायकांचे काय होते, हे मात्र कुठल्याच पेपरात येत नाही. आपल्याही नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

गेल्या वर्षी अशाच एका वर्गातून बाहेर पडलेल्या एका बाईच्या घरी जाण्याचा योग आला. दोन खोल्यांचे घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र आणि त्या दोन्हींच्या खाली मांडीवर सूप घेऊन विडी वळत बसलेली ती बाई. मी विचारले, "ताई, शिवणकाम शिकलात ना, मग पुन्हा विडी?" कात्री न थांबवता ती म्हणाली, "दादा, शिकवलं सगळ्यांनी. कापड कुणी दिलं नाही." या एका वाक्यात महिलांच्या कौशल्य विकासाचे जेवढे ऑडिट आहे तेवढे मंत्रालयाच्या फायलीत सापडणार नाही.

सोलापूर हे काही अडाणी हातांचे शहर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या शहराने कापड विणले. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे ऐकत इथल्या तीन-चार पिढ्या वाढल्या. जुनी गिरणी साठच्या दशकात गेली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाकीच्यांचेही भोंगे थांबले. गिरणीतल्या पुरुषाच्या बेकारीवर कादंबऱ्या झाल्या, मोर्चे झाले, परिषदा झाल्या. गिरणीतली बाई मात्र त्याच्या कितीतरी आधी बाहेर फेकली गेली होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असे. ती मुख्यतः कांडी आणि रीळ खात्यात होती. नवी यंत्रे आली, रात्रपाळी आली, प्रसूती रजेचा खर्च मालकाच्या डोळ्यांत खुपू लागला आणि सगळ्यात आधी बाईच कमी केली गेली. नवे यंत्र चालवायला तिला शिकवावे असे कोणाला वाटले नाही. ते प्रशिक्षण पुरुषाला मिळाले आणि बाईला मिळाले घर.

त्या घरात विडी आली. आज सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संख्या साठ-सत्तर हजार असल्याचे नेहमी सांगितले जाते. त्यांत मोठा भाग पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली भगिनींचा, त्यांच्याबरोबर मुस्लिम आणि आपल्या समाजातल्याही. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा, आणि हजार विड्या झाल्या की ब्रँचमध्ये नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा बसलेला असतो. त्याने छाट काढली की तेवढ्या विड्या फुकट गेल्या. मान, पाठ आणि छाती यांचे दुखणे हा या कामाचा बोनस. किमान वेतन कायद्यात असते, हातात पडते ते वेगळेच असते.

मग ती हे काम सोडत का नाही? शहरी मध्यमवर्गीय माणूस हा प्रश्न फार सहज विचारतो. विडीला १९६६ चा स्वतंत्र कायदा मिळाला, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा मिळाला. त्यातून ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, मुलांची शिष्यवृत्ती, दवाखाना, घर अशा गोष्टी लढून पदरात पाडून घेता आल्या. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचा ताबा २००६ मध्ये मिळाला. रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. यामागे कामगारांची संघटना आणि नरसय्या आडम मास्तरांसारख्या नेत्यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद असतील, पण घर हे घर असते. सांगायचा मुद्दा असा की विडीचे कार्ड हा त्या बाईचा एकमेव सरकारी पुरावा आहे की ती कामगार आहे. शिवण वर्गाचे प्रमाणपत्र तिला कामगार करत नाही, ते तिला फक्त 'प्रशिक्षित' करते.

आता या कार्डाखालची जमीनही सरकू लागली आहे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा, २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी असा हा प्रवास आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरील कर १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. त्यावर 'सरकार विडीवाल्यांवर मेहरबान' अशी ओरड झाली. पण २०१७ मध्ये जीएसटीबरोबरच विडी कामगार कल्याण उपकर रद्द झाला, ज्यातून दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालत, त्याबद्दल ही ओरडणारी मंडळी गप्प होती. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा त्यात विरघळला. तंबाखूने माणसे मरतात, म्हणून विडी बंद झाली पाहिजे, हे तत्त्वतः कोण नाकारेल? सर्वाधिक विडी ओढणारा आणि त्यापायी मरणारा माणूसही आपलाच गरीब आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तंबाखू करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्यांना परवडणारा पर्यायी रोजगार देण्याला चालना द्यावी असेही लिहिले आहे. करातील इशारा छापण्याचा भाग अमलात आला. सतरावे कलम कुठे आहे?

सरकार सांगेल, आम्ही पर्यायी प्रशिक्षण दिले. दिले, खरे आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाने विडी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना दुसरी कामे शिकवण्याचा कार्यक्रम काढला. संसदेत दिलेल्या उत्तरांतून जे आकडे बाहेर आले, त्यानुसार २०२० पर्यंत देशभरात सात हजारांच्या थोडे वर लोक प्रशिक्षित झाले आणि त्यांपैकी पावणेतीन हजारांच्या आसपास लोकांना काम लागले. देशात विडी कामगार पन्नास लाखांच्या घरात आहेत असे सरकारच मानते. एकट्या सोलापूरची संख्या साठ हजार धरली तरी देशभरातले प्रशिक्षित तिच्या एक अष्टमांश भरतात. हे कोणी दुष्काळात चमच्याने पाणी घालण्याचे उदाहरण म्हणून वापरावे.

सर्वसाधारण कौशल्य योजनांची अवस्थाही निराळी नाही. जुलै २०१५ मध्ये गाजावाजा करून आलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. प्रशिक्षणार्थींच्या नोंदींमध्ये सुमारे ९४ टक्के ठिकाणी बँक खात्याच्या रकान्यात शून्य, रिकामी जागा किंवा निरर्थक मजकूर आढळला, आणि अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणित झालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम लागल्याची नोंद मिळाली. हिशेबाचे गणित सोपे आहे. संस्थेला पैसे मिळतात ते डोकी मोजून. ती डोकी कामावर गेली की विडीकडे परतली याच्याशी तिला फारसे देणेघेणे उरत नाही.

पण नुसत्या भ्रष्टाचाराकडे बोट दाखवून भागणार नाही. समजा उद्या सगळे प्रामाणिक झाले, तरी सोलापूरच्या बाईला या प्रशिक्षणातून रोजगार मिळणार नाही, कारण प्रशिक्षणाचा ढाचाच तिच्या जगण्याकडे पाठ फिरवून उभा केला आहे.

पहिली गोष्ट वेळेची. हजार विड्या वळणारी बाई सकाळचा स्वयंपाक उरकून संध्याकाळपर्यंत बसून असते, पोरीचे हातही त्यात लागतात. तिला तीन महिने दुपारी तीन तास वर्गात बसवायचे म्हणजे तेवढ्या विड्या कमी. ब्रँचमध्ये सलग माल गेला नाही की कार्डावरची हजेरी जाते आणि हजेरी गेली की फंड जातो. फुकट प्रशिक्षण तिला फुकट पडत नाही, ती आपल्या रोजाने त्याची फी भरते. म्हणून वर्गात बसतात त्या बहुधा ज्यांना बसणे परवडते अशा, किंवा विद्यावेतनापुरत्या आलेल्या.

दुसरी गोष्ट यंत्राची. सोलापुरात चादर-टॉवेलचे यंत्रमाग आहेत आणि अलीकडच्या काळात शाळेच्या गणवेशाचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. देशाच्या अनेक राज्यांत इथला गणवेश जातो. म्हणजे शिवणाऱ्या हातांची गरज खरोखर आहे. पण वस्तीतल्या वर्गात काय शिकवतात? पायाने चालवायच्या मशीनवर झबले, परकर, ब्लाउज, आणि शेवटच्या आठवड्यात फ्रॉक. कारखान्यात असते विजेवर पळणारे मशीन, ओव्हरलॉक, काज-बटणाचे मशीन. तिथे एक बाई आख्खा शर्ट शिवत नाही, ती दिवसभर फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त बाही जोडते आणि दर नगामागे पैसे मिळतात. परकर शिवायला शिकलेल्या बाईला त्या वेगात पहिल्या दिवशीच घाम फुटतो. मग मालक तिला कुठे बसवतो? धागे कापायला, घड्या घालायला, पिशव्या भरायला. म्हणजे जे काम करायला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नव्हती तिथे. मास्टर, कटर, मेकॅनिक हे मात्र पुरुष. कटिंग टेबलवर बाईला का उभी करत नाहीत, असे मी एका कारखानदाराला विचारले होते. "बायकांना जमत नाही" एवढेच उत्तर मिळाले. ज्या बाईने आयुष्यभर पत्र्याच्या मापावर मिलिमीटरच्या हिशेबाने पान कापले, तिला कापड कापायला जमत नाही म्हणे!

या 'जमत नाही' शब्दाची वंशावळ आपल्या वाचकांना ओळखीची असेल. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. कारण सांगितले जाई की तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागतो आणि त्याच्या उष्ट्या धोट्याला स्पृश्य कामगार हात लावणार नाहीत. विणाईला मजुरी अधिक, म्हणून विणाईत विटाळ अधिक. बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. ज्या कौशल्याला दाम आहे त्याच्या दाराशी जात उभी केलेली असते, हे त्यांनी कारखान्याच्या आत जाऊन दाखवले. पुढे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील न झालेल्या भाषणात त्यांनी जातीचा आणि बेकारीचा थेट संबंध जोडला: माणसाला आपला धंदा बदलता येत नाही, म्हणून एक धंदा बुडाला की त्याच्याबरोबर माणूसही बुडतो. आज गिरणी बुडाली, उद्या विडी बुडेल. धंदा बदलण्याची वाट कोणी मोकळी केली?

वाट मोकळी करण्याऐवजी ती पुन्हा मागे वळवण्याचेच प्रयत्न दिसतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी असे अठरा धंदे. गुरु-शिष्य परंपरा आणि घराण्यात चालत आलेले कसब बळकट करणे हे तिचे जाहीर उद्दिष्ट आहे. दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, पंधरा हजारांची हत्यारे, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. गरजू माणसाने हे घेऊ नये असे मी म्हणणार नाही. अनेक भगिनींनी शिंपी म्हणून नावे नोंदवली आहेत, त्यांना मशीन मिळाले तर चांगलेच आहे. पण चांभाराच्या पोराला चांभारकीत आणखी कुशल करणाऱ्या धोरणाला कौशल्य विकास म्हणायचे की आणखी काही? १९५३ मध्ये मद्रासेत राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ बापाच्या धंद्यावर घालवावा अशी योजना आणली होती. द्रविड चळवळीने तिला 'कुलशिक्षण' असे नाव ठेवले, राजाजींना १९५४ मध्ये खुर्ची सोडावी लागली आणि योजनाही गेली. आपल्याकडे अठरा धंद्यांची यादी आली आणि आपल्याच वस्तीत फॉर्म भरायची शिबिरे भरली.

सोलापूरला तर कौशल्याच्या नावाखाली माणूस बांधून ठेवण्याचा जुना अनुभव आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट उभी राहिली. तारेच्या कुंपणाआड ठेवून, हजेरी लावून, त्या माणसांना गिरणीत कामाला पाठवले जाई. सरकारच्या लेखी ते 'सुधारणे' होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसे विमुक्त झाली. याच सेटलमेंट खात्याचे अधिकारी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीसाठी समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्याच्या तीन वर्षे आधी, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले विद्यार्थी वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. त्या काळात अस्पृश्याच्या पोराला चटकन पोटाला लावायचे तर कसबाचा वर्ग स्वस्तात काढता आला असता. बाबासाहेबांनी हायस्कूलच्या मुलांसाठी राहण्या-खाण्याची सोय केली. शिकणाऱ्याचे पोट आधी सांभाळा, मग शिकवा, हा त्यातला व्यवहार आहे.

विडीच्या बाबतीतही आपल्याकडे उदाहरण आहे, ते आपण विसरलो. कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांना 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय दिले जाते, त्यांनी विडी कामगारांची ठेकेदाराच्या हातून होणारी लूट पाहून सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले होते आणि दलित स्त्रियांसाठी महिला आश्रमही काढला होता. १९३९ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. शिक्षण आणि मालकी ही जोडी त्यांना त्या काळी सुचली. आपण जयंतीला शिवणयंत्रे वाटतो आणि कापड, गिऱ्हाईक, दर यांचा विषय काढत नाही.

तो विषय न काढल्याने काय होते हे २०२४ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. सरकारी शाळांतल्या मुलांना एकसारखा गणवेश देण्यासाठी राज्याने कापडाची खरेदी एकाच ठिकाणी केली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिली. कागदावर यापेक्षा सुंदर योजना नाही. प्रशिक्षित बायका, हमखास काम, सरकार गिऱ्हाईक. प्रत्यक्षात कापड उशिरा आले, मापे जुळली नाहीत, शिलाईचा दर परवडत नाही अशी गटांची तक्रार राहिली आणि पोरे जुन्या कपड्यांत बसली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि पुढच्या वर्षाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. बोलणाऱ्यांनी ठपका ठेवला तो बायकांच्या शिलाईवर. वास्तविक या योजनेत शिकण्यासारखे पुष्कळ होते. कापड कोण कापणार, मोठी यंत्रे कुठे बसवणार, दर कोण ठरवणार हे बायकांना विचारून ठरले असते, कामाला सहा महिने आधी सुरुवात झाली असती, तर ज्या शहरात गणवेशाचा बाजार आहे त्या सोलापुरात विडीच्या सुपातून उठलेल्या बायकांची एखादी सहकारी फॅक्टरी उभी राहू शकली असती.

बाईला शिकवले की तिला येते, याचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. एसटी महामंडळाने बायकांना बस चालवायला शिकवले, आणि २०२३ मध्ये एसटीच्या चालकाच्या जागेवर बाई बसली. तिथे प्रशिक्षणाच्या टोकाला नेमणूक होती, पगार होता, गणवेश होता. आयटीआयमध्ये मुलींना तीस टक्के आरक्षण आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक या ट्रेडमध्ये आपल्या मुली किती आहेत, हे प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने आपल्यापुरते मोजून पाहावे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर मिळणारी शिकाऊ उमेदवारी आणि तीन महिन्यांच्या पार्लर कोर्सनंतर मिळणारी पिशवी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पालक म्हणतात, मुलीला फिटर करून काय करायचे? त्या पालकांत आपणही असतो.

म्हणून यंदा निवेदन द्यायचेच असेल तर ते मशीन मागण्याचे नसावे. प्रशिक्षणाच्या काळात विडीच्या किमान वेतनाइतका रोज आणि फंडाची सलग हजेरी मागावी. वर्ग वस्तीच्या समाजमंदिरात न घेता गणवेशाच्या कारखान्यातल्या चालू मशीनवर घ्यावा, आणि संस्थेचे बिल बाई सहा महिने कामावर टिकल्यावर निघावे, असे लिहून घ्यावे. कुंभारीहून आणि रे नगरहून कामाच्या वेळेला बस आणि कारखान्याजवळ पाळणाघर नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरी भारतात पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी अठ्ठावीसच कामाच्या बाजारात होत्या. बाकीच्या बहात्तर घरी बसून आराम करत नव्हत्या. लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार त्यांना जुलै २०२४ पासून मिळू लागले. ते पैसे संसाराला हातभार लावतात, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ओवाळणी वेगळी आणि मजुरी वेगळी. मजुरी मागताना बाईला भाऊ लागत नाही.

त्या प्रमाणपत्रवाल्या ताई परवा पुन्हा भेटल्या. वस्तीत नवा वर्ग सुरू होतोय, या वेळी शिवणाबरोबर पार्लरचाही आहे, असे म्हणाल्या. तुम्ही नाव घातले का, असे विचारले. "माझं कशाला? माझ्याकडे आहे की प्रमाणपत्र," असे म्हणून त्या हसल्या. "यंदा सुनेचं घातलंय."